परदेशाचा उतारा

मानसिक त्रास सुरू असताना गाव किंवा देश सोडून दुसरीकडे नव्याने आयुष्य मांडणे हा फार जुना उपाय आहे. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय डॉक्टर खिन्न रुग्णाला समुद्रप्रवास सुचवत. महाराष्ट्रात हवापालटासाठी महाबळेश्वर-पाचगणीला जाण्याचा जो रिवाज पडला, त्यामागेही जागा बदलली की प्रकृती बदलते हाच विश्वास होता. आज हा उपाय शिक्षणाच्या, नोकरीच्या किंवा लग्नाच्या व्हिसावर केला जातो. अर्जातल्या उद्देशाच्या रकान्यात ‘एम. एस.’ लिहिलेले असते. त्यामागे मोडलेले नाते, घरातला जाच, वर्षानुवर्षे न हटणारे नैराश्य किंवा सगळे ओळखतात त्या गल्लीतली घुसमट असू शकते. निर्णय दर वेळी स्वतःचाच असतो असेही नाही. लग्न लावून दिले की मुलगा ताळ्यावर येईल असे मानणारी घरे कमी झाली, पण बाहेर पाठवला की सुधारेल असे मानणारी अजून पुष्कळ आहेत.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या संघटनेत अशा स्थलांतराला ‘भौगोलिक उपचार’ असे चेष्टेने म्हटले जाते. शहर बदलते, बाटली बदलत नाही, असा त्याचा रोख. हा टोमणा अनुभवातून आलेला आहे, पण त्यात अर्धेच सत्य आहे. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ एक पंचमांश तिथे हेरॉइनच्या किंवा अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. हे सगळे व्यसनी मायदेशी परतणार या विचाराने १९७१ मध्ये अमेरिकी सरकार धास्तावले. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा चित्र वेगळेच निघाले. व्हिएतनाममध्ये व्यसनी असलेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. जिथे पुडी मिळायची ती छावणी, ती भीती आणि ते सोबती मागे राहिले, तशी सवयही बहुतेकांच्या बाबतीत मागे राहिली. अर्थात हे सैनिक परक्या देशात गेले नव्हते, आपल्या घरी परतले होते, हा फरक लहान नाही.

म्हणून ‘बाहेर जावे की जाऊ नये’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो. त्रासाचा कोणता भाग जागेला चिकटलेला आहे आणि कोणता माणसाबरोबर विमानात बसणार आहे? मारहाण करणारा नवरा, जातीवरून किंवा लैंगिक कलावरून होणारी अवहेलना, अपमान करणारे कार्यालय ही जागेशी बांधलेली कारणे आहेत. त्यांच्यापासून दूर जाणे ही पळवाट नव्हे, तो उपचाराचाच भाग असू शकतो. द्विध्रुवी विकार (बायपोलर), स्किझोफ्रेनिया, मंत्रचळ (ओसीडी) किंवा पुन्हा पुन्हा उलटणारे नैराश्य यांचे तसे नाही. त्यांची मुळे जनुकांत, मेंदूच्या कार्यात आणि बालपणापासूनच्या अनुभवांत पसरलेली असतात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला दोन्हींची सरमिसळ येते आणि निर्णय अवघड होतो तो त्यामुळेच.

स्थलांतर आणि मनोविकार यांच्या नात्यावरचे सुरुवातीचे मोठे संशोधन नॉर्वेचे मानसोपचारतज्ज्ञ ओर्नुल्व ओडेगार्ड यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांमध्ये स्किझोफ्रेनियामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण नॉर्वेत राहिलेल्यांच्या सुमारे दुप्पट होते. ओडेगार्ड यांचा निष्कर्ष असा की, ज्यांचा मनोविकाराकडे आधीच कल असतो, ज्यांची मुळे गावात नीट रुजलेली नसतात, तेच देश सोडण्याची शक्यता जास्त. म्हणजे स्थलांतराने आजार होत नाही, आजाराकडे झुकलेली माणसेच स्थलांतर करतात.

पुढची कित्येक दशके हा तर्क टिकून राहिला. तो डळमळला नेदरलँड्समध्ये. १९७५ मध्ये सुरिनामला स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास तिथल्या लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा नेदरलँड्सला गेला. भारतातून करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्यांचे वंशजही त्यांत होते. सुमारे एक तृतीयांश देशच निघाला असेल, तर फक्त कच्च्या मनाचीच माणसे गेली असे म्हणता येणार नाही. यान-पॉल सेल्टन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यापुढचे गणित मांडले. सुरिनाममधला प्रत्येक माणूस स्थलांतरित झाला असे समजून आकडे पसरवले, तरीही स्किझोफ्रेनियाचे प्रमाण डच लोकांपेक्षा जास्तच येत होते. निवडीचा सिद्धान्त एकटा पुरेसा नव्हता. २००५ मध्ये एलिझाबेथ कँटर-ग्राए आणि सेल्टन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांमध्ये धोका सुमारे २.७ पट, तर दुसऱ्या पिढीत सुमारे ४.५ पट आढळला. दुसऱ्या पिढीने तर कुठेही स्थलांतर केलेले नसते. तेव्हा धोका प्रवासात नसून पोचल्यानंतर मिळणाऱ्या सामाजिक स्थानात असावा, असा विचार पुढे आला. सतत बाहेरचा ठरणे, खालच्या पायरीवर उभे राहावे लागणे आणि त्यातून वर येण्याची वाट न दिसणे याला या संशोधकांनी ‘सामाजिक पराभव’ असे नाव दिले.

दक्षिण लंडनमधल्या २००१ च्या एका अभ्यासाने या विचाराला बळकटी दिली. ज्या वस्तीत अल्पसंख्याक गटांची माणसे विरळ होती, तिथे त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण जास्त होते. जिथे ती दाट होती, तिथे कमी. आपल्यासारखी माणसे आसपास असणे हे मनाला खरोखरच कवच ठरते, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे आकडे वाचून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. स्किझोफ्रेनिया मुळात शंभरात एखाद्यालाच होतो, त्यामुळे अडीच-तीन पट होऊनही बहुसंख्य स्थलांतरितांना तो होत नाही.

या सगळ्या अभ्यासांत एक अडचण आहे. गेलेल्यांची तुलना न गेलेल्यांशी होते, आणि ही माणसे मुळात वेगळी असतात. ही अडचण एका सोडतीने दूर केली. न्यूझीलंडने २००२ मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा या छोट्या देशातून दरवर्षी २५० जणांना कायमच्या वास्तव्यासाठी घेण्याची योजना सुरू केली. अर्ज जास्त येत, म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड होई. त्यामुळे चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले यांच्यात नशिबाखेरीज फरक राहत नाही. स्टीव्हन स्टिलमन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन गिब्सन या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही गटांची तुलना करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडला. स्थलांतराने मानसिक आरोग्य सुधारले होते, आणि ही सुधारणा स्त्रियांमध्ये व टोंगात असताना ज्यांचे मानसिक आरोग्य खालावलेले होते त्यांच्यात विशेष दिसली. ओडेगार्डपासून चालत आलेल्या निराशाजनक चित्राला हा मोठा छेद होता.

पण त्याच प्रयोगाची पुढची पाने वेगळे सांगतात. गेलेल्यांचा रक्तदाब वाढला होता. नंतरच्या पाहणीत मानसिक आरोग्य सुधारलेले होते, उत्पन्न कितीतरी वाढलेले होते, तरी आनंदाबद्दलच्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे मात्र घसरली होती. चिंता-उदासीची लक्षणे कमी होणे आणि माणूस आनंदी होणे या एकच गोष्टी नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजले गेले असेल. शिवाय टोंगाच्या या लोकांजवळ कायमचा परवाना होता, न्यूझीलंडमध्ये नोकरी ठरलेली होती आणि तिथे टोंगन वस्ती आधीपासून होती. कर्ज काढून, तात्पुरत्या व्हिसावर, एकट्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

जाण्याआधी माणूस जे चित्र रंगवतो त्यातही एक ठरावीक चूक असते. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या थंड मध्य-पश्चिम भागातल्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा दोघेही आपापल्या आयुष्याबद्दल सारखेच समाधानी निघाले. कॅलिफोर्नियात माणसे जास्त समाधानी असणार, हा अंदाज मात्र दोन्हीकडच्यांचा होता. जागेचा विचार करताना नजर फक्त वेगळेपणावर, म्हणजे समुद्रावर किंवा स्वच्छ रस्त्यांवर खिळते. रोजच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र झोप, काम, पैसे आणि माणसे यांनीच भरलेला असतो. नैराश्यात ही चूक आणखी गडद होते, कारण इथले सगळे काळे दिसू लागले की तिथले आपोआप उजळ दिसते.

कधी कधी निघण्याची ओढ हेच आजाराचे लक्षण असते. उन्मादाच्या झटक्यात माणूस दोन दिवसांत नोकरी सोडतो, साठवलेले पैसे काढतो आणि तिकीट काढून मोकळा होतो. भ्रम असलेल्याला पाठलाग करणाऱ्यांपासून सुटण्यासाठी सीमा ओलांडणे हाच मार्ग वाटतो. फ्रेंच मानसोपचारात अशा प्रवासाला ‘विकृत प्रवास’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. पॅरिसमध्ये पोचल्यावर कोसळलेल्या जपानी पर्यटकांचे वर्णन हिरोआकी ओता यांनी केले. त्यांतले काही घरून निघतानाच आजारी होते. याच विषयाला मुंबई-गोव्याचीही बाजू आहे. मुंबईतल्या फ्रेंच वकिलातीत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ रेजिस एरॉ यांनी भारतात येऊन भान हरपलेल्या फ्रेंच तरुणांवर २००० मध्ये पुस्तक लिहिले. त्यांत नव्या आयुष्याच्या शोधात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेलेही होते. मायदेशी परतल्यावर त्यांतले बरेच जण लवकर सावरत, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणूनच तीव्र झटक्याच्या काळात नोकरी, लग्न, घर आणि देश यांबाबतचे न फिरवता येणारे निर्णय पुढे ढकलावेत असे डॉक्टर सांगतात. ही मनाई नसते. प्रकृती काही महिने स्थिर राहिल्यावर तोच निर्णय पुन्हा तपासून पाहावा, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

पोचल्यानंतरच्या मनःस्थितीबद्दल मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात ‘कल्चर शॉक’ची कल्पना लोकप्रिय केली. आधी अप्रूप, मग वैताग, मग हळूहळू जम, अशी ती चढउताराची वाट. नंतरच्या अभ्यासांत मात्र अप्रुपाचा टप्पा सगळ्यांना लाभत नाही असे दिसले. कित्येकांना सर्वाधिक त्रास पहिल्याच आठवड्यांत होतो. याउलट काहींना पहिले काही महिने खरोखर बरे वाटते. खोली शोधणे, बँकेत खाते उघडणे, वाणसामान कुठे मिळते ते हुडकणे यांत दिवस भरून जातो आणि आजाराला शिरायला फट राहत नाही. मग परीक्षा येते, हिवाळा येतो, नवेपणा ओसरतो आणि जुने दुखणे डोके वर काढते. ‘मी इथे बरा झालो’ म्हणून याच सुरुवातीच्या काळात गोळ्या बंद करणाऱ्यांची ही वेळ सर्वांत धोक्याची. नैराश्यावरची काही औषधे एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात, आणि परक्या जागी त्यांचे खापर हवामानावर किंवा जेवणावर फोडले जाते.

दुसरी हानी सहसा लक्षात येत नाही. आजार उलटण्याच्या पहिल्या खुणा रुग्णाआधी घरच्यांना दिसतात. रात्री दिवा जळत असतो, जेवणाचे ताट तसेच परत येते, बोलण्याचा वेग वाढतो. आई किंवा भाऊ विचारतो आणि डॉक्टरकडे फोन जातो. परदेशात रूम पार्टनरला हा माणूस एरवी कसा असतो हेच माहीत नसते. ज्या अनोळखीपणासाठी देश सोडला, तोच अनोळखीपणा इथे अंगावर येतो. आठवड्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये दहा मिनिटे हसून दाखवणे कुणालाही जमते.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ब्रिटनमध्ये गेलेले मानसोपचारतज्ज्ञ दिनेश भुग्रा यांनी स्थलांतर आणि मन या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. भाषा, नाती, सणवार आणि सामाजिक ओळख एकाच वेळी दुरावल्याने होणाऱ्या शोकाकडे, तसेच मनात धरलेली अपेक्षा आणि हाती आलेले यश यांतल्या तफावतीकडे त्यांनी लक्ष वेधले. या तफावतीचे ओळखीचे उदाहरण अमेरिकेतल्या एच-४ व्हिसावर सापडते. नवऱ्यामागे गेलेल्या उच्चशिक्षित स्त्रीला या व्हिसावर नोकरी करता येत नसे; २०१५ पासून काही जणींनाच ती परवानगी मिळू लागली. पुण्यात टीम सांभाळणारी इंजिनिअर तिथे दिवसभर घरात असते आणि लोक तिला नशीबवान म्हणतात. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्याची कोंडी निराळी. नोकरी गेली तर विमाही जातो आणि नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. अशा वेळी आजारपणाची रजा मागायला माणूस कचरणारच.

शरीराचे हिशेबही बदलतात. मुंबईत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, लंडनमध्ये तो आठ तासांहून कमी आणि ऑस्लोत सहा तासांच्या आत. हिवाळी नैराश्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९८४ मध्ये करणारे नॉर्मन रोझेन्थाल स्वतः स्थलांतरित होते. दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो हे त्यांना जाणवले होते. सकाळी अर्धा तास १०,००० लक्स प्रखरतेच्या दिव्यासमोर बसणे हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे. मात्र बायपोलरच्या रुग्णात अशा दिव्याने उन्माद उफाळू शकतो, म्हणून तो डॉक्टरला विचारूनच वापरायचा.

विमानप्रवासही निरुपद्रवी नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून रुग्णालयात आणलेल्या मनोरुग्णांचा १९८२ चा एक अभ्यास आहे. पश्चिमेकडे प्रवास केलेल्यांत नैराश्य आणि पूर्वेकडे प्रवास केलेल्यांत सौम्य उन्माद जास्त आढळला. पूर्वेकडे जाताना रात्र आखूड होते आणि झोपमोड हे उन्मादाचे ओळखीचे निमित्त आहे. बायपोलरवरचे लिथियम घेणाऱ्याला आखाती देशांतली उष्णता त्रासदायक ठरू शकते, कारण घाम आणि पाण्याची कमतरता यांमुळे रक्तातली लिथियमची पातळी वाढते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकानेही तसेच होते.

औषधांचे कायदे देशागणिक इतके बदलतात की याबाबत ऐकीव माहितीवर विसंबणे महागात पडते. भारतात सर्रास लिहून दिली जाणारी एटिझोलाम ही गोळी ब्रिटनमध्ये २०१७ पासून नियंत्रित आहे आणि अमेरिकेत २०२३ मध्ये ती सर्वांत कडक यादीत गेली. संयुक्त अरब अमिरातीत क्लोनाझेपामसारख्या गोळ्या नेण्यासाठी तिथली सरकारी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. जपानमध्ये अँफेटामिन असलेली औषधे प्रिस्क्रिप्शन असूनही आणता येत नाहीत. ओळखीच्या कुणाच्या तरी बॅगेतून गोळ्या मागवण्याची मराठी घरांतली सवय इथे त्या ओळखीच्यालाच अडचणीत आणू शकते. औषधाच्या ब्रँडऐवजी मूळ नाव, मात्रा आणि निदान लिहिलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र, मूळ वेष्टनातल्या गोळ्या आणि आधीच्या उपचारांचा सारांश एवढा ऐवज बरोबर असला की नव्या डॉक्टरचे काम पहिल्या भेटीतच सुरू होते.

ती पहिली भेट मिळायला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड झाला. त्या बदल्यात सरकारी आरोग्यसेवा खुली होते आणि इंग्लंडमध्ये चिंता-नैराश्यासाठी बोलण्याच्या उपचाराची नोंदणी स्वतःच करता येते. जर्मनीत विमा सक्तीचा आहे, पण मानसोपचारासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागणे नेहमीचे. मधल्या काळात भारतातल्या डॉक्टरकडून व्हिडिओवर सल्ला घेणे सोपे वाटते. पण भारताची २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे देशाबाहेरच्या रुग्णांसाठी नाहीत, आणि इथले प्रिस्क्रिप्शन तिथला औषधविक्रेता सहसा स्वीकारत नाही.

डॉक्टरकडे फाईल झाली की व्हिसा मिळत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी कित्येक जण जाण्याआधी उपचारच टाळतात. अमेरिकेचा कायदा निव्वळ निदानावर नव्हे, तर त्या आजाराशी जोडलेल्या, स्वतःला वा इतरांना घातक वर्तनावर बोट ठेवतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मुख्यतः आपल्या सरकारी सेवेवर किती खर्च पडेल ते पाहतात. स्थिर असलेले, गोळ्यांवर नियंत्रणात असलेले नैराश्य सहसा आड येत नाही. अर्जात खोटे लिहिणे मात्र येऊ शकते. उलट सांगितल्याचा फायदाही असतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार वर्षभर टिकलेला किंवा टिकू शकणारा आणि रोजच्या जगण्यावर मोठा परिणाम करणारा मनोविकार अपंगत्वात मोडतो, आणि विद्यापीठाला परीक्षेची वेळ, मुदतवाढ अशा सवलतींचा विचार करावा लागतो.

आपल्या माणसांचे कवच परदेशातल्या मराठी माणसाला काही प्रमाणात तयार मिळते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपतीला आणि दिवाळीला तिथे जाऊन येणे अनेकांना महिनाभर पुरते. आजारपणाचा विषय मात्र याच मंडळींत सर्वांत जास्त दडवला जातो, कारण बातमी दुसऱ्या दिवशी कोथरूडला पोचते. ही चुप्पी मोडणाऱ्यांत कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांचे नाव घ्यावे लागते. मनोविकाराचा अनुभव त्यांनी स्वतःच्या घरात घेतला होता. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारामुळे, आणि २००४ च्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटामागेही तेच होते.

परत येणे हा या प्रक्रियेचा सर्वांत कमी बोलला जाणारा टप्पा. जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी १९६३ मध्येच दाखवले होते की मायदेशी परतल्यावरही जुळवून घेण्याचा दुसरा खड्डा पार करावा लागतो. मराठी मध्यमवर्गात त्यावर ‘जमले नाही वाटते’ हा शेरा चढतो, आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते असतील तर परतीचा विचारही परवडत नाही. त्यामुळे प्रकृती ढासळत असतानाही माणसे तिथेच रेटत राहतात. बहुतेक विद्यापीठांत वैद्यकीय कारणासाठी अभ्यासक्रम काही काळ थांबवण्याची सोय असते; व्हिसावर तिचा काय परिणाम होतो ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय सांगते. परतणाऱ्याने तिथल्या उपचारांच्या नोंदी मागून घेतल्या तर इथे सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. आजार बळावल्यास कोणते उपचार हवे, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हे आधी लिहून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.